मुदतीची रिकामी जागा आणि ना-हरकत पत्र

दारव्हा तालुक्यात राहून मी लेखकांची एजंट म्हणून काम करते. हस्तलिखित वाचायचं, प्रकाशक शोधायचा, करार तपासायचा, रॉयल्टीच्या हिशेबामागे लागायचं, हे रोजचंच. पण एका ना-हरकत पत्रानं जो छळ मांडला, त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

आमच्या भागातल्या एका निवृत्त गुरुजींच्या वऱ्हाडी कथा इंग्रजीत न्यायच्या होत्या. नमुन्याचं भाषांतर दिल्लीच्या प्रकाशकाला आवडलं, आगाऊ रक्कम ठरली, सगळं झटपट झालं. मग त्यांच्या कायदा विभागानं विचारलं, भाषांतराचे हक्क लेखकाकडेच आहेत कशावरून? जुन्या मराठी प्रकाशकाचं ना-हरकत पत्र आणा.

प्रश्न रास्तच होता. हक्क माझेच आहेत अशी हमी लेखकाला करारात द्यावी लागते आणि उद्या वाद निघाला तर भरपाई त्याच्याच माथी येते.

जुन्या प्रकाशकांच्या कार्यालयात फोन केला की "साहेब बाहेर आहेत." मेलला उत्तर नाही. रात्रभर ट्रॅव्हल्सनं प्रवास करून पुण्याला गेले, तर बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सांगितलं, "सर्व हक्क आमच्याकडेच असतात. पद्धतच आहे तशी." करारात कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं, तर फाइल सापडत नव्हती. ज्यांच्या पुस्तकावर इतकी वर्षं कमावलं, त्यांच्यासाठी चार ओळी लिहायला एवढी टाळाटाळ?

गुरुजी मलाच समजावत होते. "काहून येवढा जीव काढतं वं पोरी? नाई देत तं नाई देत."

मी त्यांच्याकडची प्रत शोधायला लावली. वेचणीचे दिवस, अर्ध्या खोलीत कापूस भरलेला. पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली करार निघाला, 2009 चा, टाइप केलेला. भाषांतराचा उल्लेख कुठेच नाही. आणि 'मुदत' या शब्दापुढे नुसती टिंबं. तिथे कुणी काही भरलंच नव्हतं.

कॉपीराइट कायदा, 1957, कलम 19. हक्क देताना कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी, हे लेखी असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षांची धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणजे त्या कराराचा जोर 2014 मध्येच संपला होता! त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही.

मग ना-हरकत मागणं सोडलं आणि सरळ कळवलं: कलम 19 प्रमाणे हक्क लेखकाकडे परत आले आहेत, हरकत असेल तर 15 दिवसांत कागदपत्रांसह लेखी कळवा. हे पत्र स्पीडपोस्टनंच पाठवा, पोचल्याची नोंद छापून ठेवा. गुरुजींचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं. मुदत उलटली, उत्तर आलं नाही. जुना करार, पत्र, पोच आणि प्रतिज्ञापत्र एवढ्यावर दिल्लीवाल्यांचं समाधान झालं. हेच आधी केलं असतं तर पुण्याचा तो बाक टळला असता, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

पॅन कार्ड आणि पासबुकावरचं नाव जुळतं का, हे आधीच पाहा. पॅन दिला नाही तर रॉयल्टीवर 10 ऐवजी 20 टक्के टीडीएस कापतात.

गुरुजींच्या मुलानं विचारलं, तुमचे किती? आमच्याकडे साधारण 15 टक्के रूढ आहे, परदेशातल्या हक्कांना 20. तेही लेखकाला पैसे मिळाले तरच. हस्तलिखित वाचायचीच फी मागणाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

आणि हो, लेखकांनो, कराराची आपली प्रत जपा. वाळवी लागण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नव्या करारात मी फक्त इंग्रजीचे हक्क दिले, छापील आणि ई-बुक, आणि मुदतीची जागा अंकी व अक्षरी भरून घेतली. ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क गुरुजींकडेच आहेत. हिंदीसाठी बोलणी चालू आहेत.