बादल्यांतला वायंगण : ९८वा दिवस

आज २ मार्च. वायंगण म्हणजे हिवाळ्यात पेरून उन्हाळ्याकडे कापायचं भात. पेरणी २४ नोव्हेंबरची, तरवा, म्हणजे रोपं, बादल्यांत लावला १४ डिसेंबरला. वाण ज्योती. गोव्यात डिचोलीतल्या आमच्या गच्चीवर २० लिटरच्या १२ बादल्या आहेत आणि माती एकीतही नाही. तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग भाताचा तूस. सहा बादल्यांत कायम दोन बोटं पाणी उभं असतं. बाकीच्या सहा भिजवायच्या, सुकू द्यायच्या, पुन्हा भिजवायच्या.

सुकणाऱ्या बादल्यांत भोकं पाडलेला पाइप उभा पुरलाय, त्यात पट्टी सोडून पाणी किती खाली गेलं ते बघतो. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने शेतासाठी १५ सेंटिमीटरची मर्यादा सांगितली आहे. मी १० वरच थांबतो, कारण बादलीत मुळांना आणखी खाली जायला जागाच नाही.

जानेवारीत कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. म्हणजे लोह कमी. गोव्याच्या तांबड्या मातीत हा विचार कधी डोक्यात आला नव्हता! शेतात पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि लोह विरघळून मुळांना मिळतं. कोकोपीटमध्ये तसा साठाच नाही. त्यात माझी सगळी भिस्त नायट्रेट खतावर, त्यामुळे द्रावणाचा सामू (पीएच) ६.८ पर्यंत चढलेला, म्हणजे लोह आणखी कमी मिळणार. चिलेटेड (पाण्यात विरघळून राहणारं) लोह दिलं, नत्राचा काही भाग अमोनियम सल्फेटमधून द्यायला लागलो, सामू ५.५ च्या आसपास आला. आठवड्याभरात नवं पान हिरवं निघालं. आधी पिवळी पडलेली पानं पिवळीच राहिली. लोह जुन्या पानांतून नव्यांत हलत नाही, म्हणून फटका कोवळ्या पानांनाच बसला होता.

पाण्याचा हिशेब मगाने मोजून ठेवलाय. लावणीपासून उभ्या पाण्याच्या बादलीला सरासरी ७१ लिटर लागले, सुकणाऱ्या बादलीला ६१. शेतात या पद्धतीने ३० टक्क्यांपर्यंत बचत होते, मग इथे एवढीच का? शेतात बरंचसं पाणी खाली मुरतं, बांधातून झिरपतं; तेच वाचतं. बादलीचा तळ बंद, त्यामुळे वाचलं तर फक्त वाफेचं. म्हणून गच्चीवरच्या आकड्यांवरून शेताचा अंदाज बांधू नका. आणि पाणी आटतं तसं खत दाट होतं. माझा ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) १.२ वरून २.६ वर गेला होता. तीनच्या पुढे भाताला सोसत नाही, म्हणून आता एकदा खताचं पाणी, पुढच्या वेळी साधं.

फुलोरा १६ फेब्रुवारीला सुरू झाला. सकाळी दहाच्या सुमारास तुसाच्या दोन पाकळ्या उघडतात, पिवळसर परागकोश बाहेर लोंबतात आणि तासाभरात पुन्हा मिटतं. मी रोज तिथेच बसून असायचो. या दिवसांत सगळ्याच बादल्यांत पाणी उभं ठेवायचं ठरवलं होतं, पण नवव्या बादलीत वर साचलेल्या तुसाला मी पाणी समजलो आणि ती दोन दिवस कोरडी राहिली. आज तिची लोंबी हातात घेतली तर हलकी लागली, निम्मे दाणे पळंज, आत काहीच नाही. याचं फार वाईट वाटलं.

बाकीच्या लोंब्या वाकल्यात. चिमण्यांसाठी जाळी लावली. आईने चौथ्या बादलीतला एक दाणा नखाने दाबला, दूध आलं. म्हणाली, "अजून आठ-दहा दिवस पाणी तोडू नको."