प्लेटलेट्सआधी लघवी मोजा

ऑगस्ट उलटला की नागपुरात डेंग्यूच्या पेशंटला बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "प्लेटलेट्स किती आल्या?" लघवी किती झाली, हे कुणी विचारत नाही. पेशंट धोक्याकडे सरकतोय का, हे कळायला मात्र लघवीचा आकडा जास्त कामाचा.

डेंग्यूत धोका रोग्याला गाठतो तो बहुतेकदा ताप उतरल्यावर. चौथ्या ते सहाव्या दिवशी ताप जातो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. विषाणू तोवर कमी होत आलेला असतो. गोंधळ चालतो तो आपल्याच प्रतिकारशक्तीचा. डेंग्यूचे चार प्रकार. पूर्वी एक होऊन गेला असेल तर त्याच्या अँटीबॉडीज अंगात असतात. दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला की त्या त्याला चिकटतात, पण नेहमी निकामी करू शकत नाहीत. उलट अँटीबॉडीची शेपटी पकडून मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, त्याला आत ओढतात आणि तो तिथे आणखी वाढतो. १९६० आणि ७०च्या दशकांत स्कॉट हॅलस्टेड यांनी थायलंडमधल्या मुलांवरच्या कामातून ही कल्पना मांडली. याच कारणामुळे आईच्या अँटीबॉडीज ओसरत आलेल्या सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाला पहिलाच डेंग्यूही जड जाऊ शकतो.

संसर्ग झालेल्या पेशी टीएनएफ, आयएल-६ असली रसायनं सोडतात. त्यात विषाणूच्या एनएस-१ची भर पडते. आपण टेस्टमध्ये शोधतो तेच हे प्रथिन रक्तवाहिनीच्या आतलं ग्लायकोकॅलिक्स नावाचं पातळ साखरी अस्तर खरवडतं. मग पाणी आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन छातीत, पोटात झिरपतं. हे २४ ते ४८ तास चालतं. असंच अस्तर मूत्रपिंडाच्या गाळणीतही असतं, म्हणून काहींच्या लघवीत प्रथिनं दिसतात.

मूत्रपिंडाला हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा मिळतो, तरी त्याच्या आतल्या भागातल्या नलिका ऑक्सिजनच्या काठावर जगतात. रक्तदाब घसरला की गाळणीकडे येणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाच्या जोरावर उघडी राहते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही पेनकिलर हा जोरच काढून घेतात. "अंग फार दुखतं" म्हटल्यावर काउंटरवरून मिळणारी गोळी किंवा कंबरेत टोचलेलं इंजेक्शन म्हणूनच महागात पडतं. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, मधुमेहाची मेटफॉर्मिन, लघवीच्या गोळ्या चालू असतील तर आजारपणात त्या थांबवायच्या का, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा.

आता मोजणी. खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग आणि एक वही पुरते. दर वेळी वेळ आणि मिलिलिटर लिहायचे. मोठ्या माणसाला ताशी दर किलोला किमान अर्धा मिलिलिटर हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सहा तासांत १८० मिलिलिटर. घरी असलेल्या पेशंटला चार ते सहा तास लघवीच झाली नाही तर सकाळची वाट बघायची नाही. न थांबणारी उलटी, पोटात सारखं दुखणं, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा चिडचिड यातलं काही दिसलं तरी तसंच. गडचिरोली, गोंदिया किंवा बालाघाटहून मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आणताना वाटेतले तास कुठेच लिहिले जात नाहीत. वही गाडीत ठेवा.

मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्तातल्या क्रिएटिनिनवर विसंबून राहता येत नाही, कारण इजा झाल्यावर ते वर यायला एखाद-दोन दिवस जातात. ४८ तासांत ०.३ची (मिलिग्रॅम दर डेसिलिटर) वाढ किंवा मूळच्या दीडपट आकडा झाला तर ती मूत्रपिंडाची तीव्र इजा. मूळचं ०.६ असलेल्या बारीक म्हातारीचं १.० आलं, तर रिपोर्टवर कुठेही लाल खूण नसते आणि तरी ती या व्याख्येत बसते. हिमॅटोक्रिटचं, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीचंही, तेच. ३८चं ४६ झालं म्हणजे २० टक्क्यांवर वाढ, गळती सुरू. पण रक्त कमी असलेल्या बाईचं ३०चं ३६ झालं तरी वाढ तेवढीच, आणि कागदावर मात्र सगळं नॉर्मल. रक्तदाबात वरचा आकडा उशिरा पडतो. १००/८० बघून समाधान मानू नका. दोन्हींतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की तो शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडणं, आहे.

विदर्भात सिकलसेलचे (लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे) पेशंट बरेच. त्यांचं मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही, त्यामुळे अंगात पाणी कमी असतानाही लघवी भरपूर होत राहते आणि आकडा फसवतो. इथे नाडी, हातपायांचा गारवा आणि हिमॅटोक्रिट जास्त बघायचं, शिवाय पेशंटला लवकर दाखल करायचं.

लघवी कोका-कोलासारखी काळपट आली तर स्नायू विरघळत असण्याची शंका घ्या आणि सीपीके ही स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी करून घ्या. लघवीच्या स्ट्रिपवर रक्त पॉझिटिव्ह आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत, ही त्याची जुनी खूण. दुसरी शंका त्याहून महत्त्वाची. पावसाळ्यानंतर ताप, कमी प्लेटलेट्स आणि वाढलेलं क्रिएटिनिन हे त्रिकूट स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस आणि फाल्सिपेरम मलेरियातही येतं, आणि तिघांवरही नेमकं औषध आहे. काख, जांघ, कंबरपट्टा उघडून स्क्रब टायफसची काळी खपली शोधा. एनएस-१ पॉझिटिव्ह आलं म्हणून शोध थांबवू नये.

पिण्याचं म्हणाल तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अंदाजाने अर्धं पाकीट ग्लासात टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नाही. लघवी ठीक असेल तर नारळपाणी, आंबिया बहाराच्या संत्र्यांचा रस, खुशाल द्या. ती घटली असेल तर हेच थांबवायचं, कारण एका नारळात अर्ध्या ग्रॅमहून जास्त पोटॅशियम असतं आणि बाहेर टाकायला वाट नसते. महागडे किवी आणि पपईच्या पानांचा रस गळती थांबवत नाहीत. रसाने उलटी झाली तर पोटातलं पाणीही जातं.

दवाखान्यात सलाईन वजनावर चालतं, बाटल्यांवर नाही. धोक्याची लक्षणं असतील तर ताशी दर किलोला ५ ते ७ मिलिलिटरने सुरुवात, एक-दोन तासांनी ३ ते ५, मग २ ते ३, आणि प्रत्येक बदलाआधी हिमॅटोक्रिट. रक्तदाब पडलेला असताना लघवी काढायला लॅसिक्स देणं म्हणजे रिकाम्या टाकीचा नळ आणखी उघडणं. उलट चूक दोन दिवसांनी होते. गळती थांबते, छाती-पोटातलं पाणी रक्तात परत येतं, लघवी वाढते, तरी सलाईन चालूच! तेव्हा फुप्फुसात पाणी भरतं, मूत्रपिंडाच्या शिरा तुंबतात आणि क्रिएटिनिन पुन्हा चढतं. नातेवाईकांनी या टप्प्यावर "सलाईन बंद कधी?" असं जरूर विचारावं. रक्तस्राव नसेल आणि प्लेटलेट्स १०,०००च्या वर असतील, तर रक्तपेढ्यांत धावपळ करण्याची गरज सहसा नसते.

डायलिसिसची वेळ थोड्यांवर येते: औषधांना न जुमानणारं पोटॅशियम, रक्तातलं वाढतं आम्ल, फुप्फुसातलं पाणी. प्लेटलेट्स कमी असताना ते हेपॅरिनशिवाय (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाशिवाय) करता येतं. त्यातून बहुतेकांचं मूत्रपिंड काही आठवड्यांत सावरतं. मूत्रपिंडाला इजा झाली होती त्यांनी तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन पुन्हा तपासावं, आणि तोवर गुडघेदुखीलाही पेनकिलर घेऊ नये.