तिला मी आवडते का?

इथे अमेरिकेत मी यमू नावाची ससाण्याची मादी पाळते आणि तिच्याबरोबर रानात सशांची शिकार करते. तिला मी आवडते का, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मंडळाच्या संक्रांतीत, मुलीच्या शाळेच्या पार्किंगमध्ये, सांगलीहून येणाऱ्या व्हिडिओ कॉलवर, आणि परवा तर दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात कापसाचे बोळे असताना: “तो ससाणा तुम्हाला ओळखतो का हो? माया बसली असेल ना त्याची तुमच्यावर?” विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना ‘हो’ ऐकायचं असतं. उरलेले ‘नाही’साठी टपलेले असतात, कारण ते आलं की पुढचा प्रश्न तयारच असतो: “मग त्या बिचारीला बांधून कशाला ठेवलीय?”

माझं ठरलेलं उत्तर बऱ्याच जणांनी ऐकलंय. तिला मी आवडत नाही, तिला मी चालते. लोक हसतात, विषय मिटतो. हे उत्तर मी माझ्या गुरूकडून उचललंय. गुरू म्हणजे आमच्या काउंटीतला एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर, अर्धं आयुष्य ससाणे उडवण्यात गेलेला. इथे नवशिक्याच्या डोक्यावर असा एक जुना माणूस असावाच लागतो. परवाना, लेखी परीक्षा, पक्ष्याची खोली तपासून गेलेला गेम कमिशनचा, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याचा माणूस, हे पुराण पुन्हा लावत नाही. पाठ झालंय तुम्हाला.

यमू रेड-टेल्ड हॉक, म्हणजे लाल शेपटीच्या जातीची आहे, मादी. (आजेसासूबाईंचं नाव ठेवलं ही निव्वळ अफवा आहे.) ऑक्टोबरात पकडली तेव्हा ती त्याच वर्षी जन्मलेली होती, म्हणून शेपटी अजून तपकिरी पट्ट्यांची आणि डोळे पिवळट. पकडली ती बालछत्रीने: जाळीचा छोटा पिंजरा, आत जिवंत उंदीर, वरून नायलॉनचे फास. उंदराला काही होत नाही, झडप घालणाऱ्या पक्ष्याची बोटं अडकतात. ही युक्ती मूळची हिंदुस्थानातल्या पाखरं धरणाऱ्यांची. त्यांचे फास घोड्याच्या केसांचे असत. पेनसिल्व्हेनियात मक्याच्या शेताकडेला उभं राहून ती मला एका गोऱ्या म्हाताऱ्याने शिकवली. आत्याला हे कौतुकाने सांगायला गेले तर म्हणाली, “आपल्याकडचं शिकायला हेच सापडलं का तुला?”

आत्याचा राग मला समजतो. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. आणि गॅरेजमधल्या वेगळ्या फ्रीझरमध्ये लाव्हे, उंदीर आणि सशांच्या तंगड्या तारीख घालून ठेवलेल्या आहेत. मी त्यातलं काही खात नाही, पण कापते, सोलते, तोलते. यात विसंगती आहे असं कुणी म्हणालं की मी पूर्वी तावातावाने भांडायचे. ससाण्याला वरणभात घालू का, म्हणायचे. आता भांडत नाही. पटलंय म्हणून नव्हे, कंटाळा आला म्हणून.

दुसरा आरोप: “उपाशी ठेवता म्हणून येते तुमच्याकडे.” याला मी आजवर अर्धंच उत्तर दिलंय. अर्धं असं की उपाशी पक्षी शिकार करूच शकत नाही. सशाला धरून ठेवायला अंगात जोर लागतो. रोज सकाळी यमू वजनकाट्यावर बसते. ११२० ग्रॅमच्या आसपास ती तरतरीत असते. ११६० झाली की झाडाच्या शेंड्यावर बसून राहते, मी शिट्ट्या मारून दमते. फार खाली गेली तर थंडीत तिचं काही खरं नाही. रानात तिच्या पायांत घुंगरू, चामड्याच्या पट्ट्या आणि अंगावर ट्रान्समीटर एवढंच असतं. दोरी नसते. जायचं ठरवलं तर ती जाऊ शकते, आणि कित्येकांचे पक्षी जातातही. हे मी नेहमी जरा फुशारकीनेच सांगते. उरलेलं अर्धं उत्तर वहीत आहे: तारीख, वजन, काय खाल्लं, किती ग्रॅम. दोरी आहे ती त्या वहीत. घ्या, सांगितलं.

आणि “तुम्ही लोक निसर्गाची वाट लावता” म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक भाषण तयार असतं. याच राज्यात १९२९ पासून गॉसहॉक हा शिकारी पक्षी मारणाऱ्याला सरकार पाच डॉलर बक्षीस देत होतं. आज जिथे लोक दुर्बिणी घेऊन ससाण्यांचं स्थलांतर बघायला जातात, त्या हॉक माउंटनवर त्या काळी बंदुका घेऊन जायचे आणि शेकड्यांनी पाडायचे. १९३४ मध्ये रोझली एज नावाच्या बाईने तो डोंगर ताब्यात घेतला आणि रखवालदार बसवला, तेव्हा ते थांबलं. पुढे डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ झाली, आणि पूर्व अमेरिकेत घरटं करणारा एकही बहिरी ससाणा उरला नाही. तो परत आणला त्यात ससाणे पाळणारेच पुढे होते. कॉर्नेल विद्यापीठातला टॉम केड स्वतः त्यांतलाच; १९७० मध्ये त्याने पेरेग्रिन (म्हणजेच बहिरी ससाणा) फंड उभा केला, पाळलेल्या पक्ष्यांपासून पिल्लं काढून चार हजारांहून जास्त सोडली, आणि १९९९ मध्ये बहिरी ससाणा धोक्याच्या यादीतून बाहेर आला.

भाषण खरं आहे. फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नाही. टॉम केडच्या पुण्याईवर मी यमूला बांधून ठेवू शकत नाही, हे मलाही कळतं.

तर जानेवारीतल्या त्या दुपारबद्दल. उजव्या हाताला बँडेज बघून तुम्ही विचारलं होतं आणि मी “ससाण्याचं नख लागलं” म्हणून वेळ मारून नेली होती. लागलं नव्हतं.

एका डेअरीच्या मागे पडीक रान आहे, काटेरी रानगुलाबाने भरलेलं. बर्फ पडून वर कडक पापुद्रा धरला होता. मी काठीने झुडपं बडवत चालले होते आणि यमू झाडाझाडाने माझ्या पुढेपुढे. या सगळ्या उद्योगातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. इथे मी तिच्यासाठी रान उठवणारी. ससा उठवणं माझं काम, बाकी तिचं. ती वरून माझ्याकडे बघते, मी पुढे गेले की पुढच्या झाडावर येते. तुम्हाला जी माया हवी असते ती दिसते तर इथेच दिसते.

ससा उठला. घुंगरांचा आवाज अंगावरून गेला आणि पुढच्या झुडपात सशाची किंकाळी. ससा ओरडतो हे ज्यांना माहीत नाही त्यांना ते माहीत नसलेलंच बरं. मी धावले. यमूने त्याला मागून धरलं होतं आणि तो लाथा झाडत होता. अशा वेळी सशाला लवकर संपवावं लागतं, नाहीतर ती तो जिवंत असतानाच खायला लागते. मानेवर हात टाकायला बोटं मोकळी लागतात, म्हणून उजव्या हातात मोजा नसतो. इथे सहसा कुणाच्याच नसतो. मी गुडघा टेकला, हात सशाच्या डोक्याकडे नेला, आणि त्याच क्षणी तिनेही डोकं धरायला एक पाय सोडून पुढे मारला.

मागचं नख अंगठा आणि तर्जनीच्या मधून आत शिरलं. पुढची नखं तळव्यात. पहिल्यांदा दुखलं नाही, नुसतं गरम वाटलं. मग दुखलं.

हात ओढायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. धडपडणारी वस्तू आवळायची, हेच त्या पायाचं काम. बोटं ओढणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांना आतून बारीक खाचा असतात, केबल टायला असतात तशा. एकदा आवळलं की जोर न लावताही पकड टिकते. तेव्हा मेल्यासारखं पडून राहायचं. मी बर्फात कुशीवर पडले. डाव्या हाताने आणि गुडघ्याने ससा दाबलेला, उजवा हात तिच्या पायात. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर. चोचीच्या कडेला सशाचे केस चिकटलेले, चोच उघडी, त्यातून वाफ. बुबुळ लहान-मोठं होत होतं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं, कुणी हिसकावायला येतंय का म्हणून, आणि दोन्ही पंख पसरून आम्हाला झाकून टाकलं. सशाला आणि माझ्या हाताला, दोघांनाही. दोन्ही तिचाच माल.

माझं बोट जरा हललं की ती पुन्हा आवळायची.

आणि मी ओरडत होते. आधी आजोळच्या शिव्या, ज्या मला येतात हे माझ्या नवऱ्याला अजून माहीत नाही. मग, “अगं मी आहे! यमू, मी आहे ना!”

ससा माझ्या हाताखाली गेला. तो निपचित पडल्यावर ती हळूहळू सैल झाली. मी मोजा घातलेल्या डाव्या हाताने पिशवीतली लाव्ह्याची तंगडी काढून पुढे केली. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, तंगडीकडे पाहिलं, विचार केला, आणि पाय उचलून मोज्यावर येऊन बसली. खाल्लं. पिसं फुलवून सगळं अंग झाडलं. पक्षी निवांत असला की असं करतो, असं पुस्तकात लिहिलंय आणि ते बरोबर आहे. तिची दुपार उत्तम गेली होती.

एका हाताने गाडी चालवत घरी आले. तिला खोलीत ठेवून मग दवाखान्यात गेले. नर्सने विचारलं, कुत्रा की मांजर? कॉम्प्युटरवर तिसरा पर्याय नव्हता, शेवटी ‘इतर’. धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. गुरूला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न: “पक्षी ठीक आहे ना?”

इथपर्यंतचं मी दोघातिघांना सांगितलंय, गमतीत. न सांगितलेलं हे: मला तिचा भयंकर राग आला. मांजराने बोचकारलं तर येतो तसला नाही. माणसाचा येतो तसला, फसवल्याचा. आठवडाभर मी तिला खायला घातलं, खोली धुतली, वजन लिहिलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. अबोला धरला म्हणा. एका ससाण्याशी.

आणि मग लाज वाटली, कारण ‘तिला मी आवडत नाही, चालते’ हे वाक्य इतकी वर्षं नसलं तरी सबंध हंगामभर ऐटीत फेकणारी बाई मीच. मला जर ते खरंच मान्य होतं तर “मी आहे ना” हे कुणाला सांगत होते? ज्या पक्ष्याला फक्त मी ‘चालते’, त्याने माझा हात आणि सशाचं डोकं यांत फरक करावा ही अपेक्षा कुठून आली? गुरूचं वाक्य गुरूच्या तोंडी शोभतं. त्याने ते अनेक पक्षी हातचे गेल्यावर मिळवलं असेल. मी ते आयतं घेतलं, आणि त्याच्या आडून रोज संध्याकाळी तिच्याशी लाडे लाडे बोलत राहिले.

पण थांबा. याचा अर्थ तिला काहीच कळत नाही असाही मी लावू देणार नाही. ती मला ओळखते. नवी लोकरी टोपी घालून खोलीत गेले तर मोज्यावरून झोकून देते, खाली डोकं लोंबकळते, मी बोलले की थांबते. पहिल्या दिवसांत माझ्या हातावर बसली की पिसं अंगाला चिकटवून, चोच वासून, भलतीकडे बघत राहायची. मोज्यावरच्या मांसाकडे मान खाली घालायला तिला एक अख्खी संध्याकाळ लागली. कारण मान खाली घातली की माझ्यावरची नजर काढावी लागते. आज ती माझ्या हातावर एक पाय पोटात घेऊन उभी राहते. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी ‘सवय’ म्हटलं की मला ते कमी वाटतं, दुसरं काही म्हटलं की हाताचा व्रण दुखतो.

हेही सांगून टाकते: मागच्या महिन्यात नवऱ्याने मोजा घालून शिट्टी मारली आणि ती दुसऱ्याच हाकेला त्याच्या हातावर गेली. मला मत्सर वाटला. चक्क.

आता हंगाम संपत आला. यमूला खाऊ घालून भरपूर जाड करायचं, पायातल्या पट्ट्या कापायच्या आणि सोडून द्यायची, हा एक मार्ग. इथे बरेच जण हेच करतात. जंगलात अर्ध्याहून जास्त पिल्लं पहिलं वर्ष काढत नाहीत. तिने ते जवळजवळ काढलंय, शिकार तिला माझ्याहून चांगली येते. दुसरा मार्ग म्हणजे ठेवून घ्यायची. उन्हाळ्यात पिसं गळतील आणि नवी शेपटी विटकरी लाल येईल. ती मला बघायचीय. हे कारण तिच्या फायद्याचं आहे असं मी कितीही फिरवून मांडलं तरी तसं दिसत नाही, आणि मी मांडून पाहिलंय.

आत्या म्हणते, सोड. गुरू म्हणतो, तुझा पक्षी, तू बघ. नवरा म्हणतो, सोड नाहीतर ठेव, पण गॅरेजमधला फ्रीझर या वर्षी तरी कामाला येऊ दे. पक्षी सोडला की सरकारला कळवायचा एक फॉर्म असतो, तो मी भरायला घेऊन पुन्हा बंद केलाय. तेव्हा पाडव्याला भेटलो की “मग, काय ठरलं?” एवढं मात्र विचारू नका.