जुन्या आर्चटॉपचा पिकअप ‘गेला’ म्हणण्याआधी

जुन्या आर्चटॉप गिटारचा, म्हणजे कमानीसारखा फुगीर टॉप (पुढची फळी) असलेल्या गिटारचा, पिकअप मेला, असं निदान आपल्याकडे फार घाईने होतं. पिकअप म्हणजे तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी. मीटरवर अनोळखी आकडा दिसतो, पिकअप उतरवून रिवाइंडिंगला (नवी तार गुंडाळायला) जातो आणि सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेली मूळ गुंडाळी कचऱ्यात जाते. हे नुकसान भरून येत नाही, म्हणून आधी नीट मोजा.

त्यासाठी गिटार उघडावीही लागत नाही. जॅकमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा. एक प्रोब प्लगच्या टोकाला, दुसरा त्याच्या दांड्याला. दोन पिकअप असतील तर टॉगलने एकेक निवडा. गिब्सन कंपनीचा पी-९० (एका गुंडाळीचा पिकअप) किंवा १९५७ नंतरचा हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) साधारण सात ते साडेआठ किलोओहम दाखवतो. पण गिब्सनच्याच १९३६ च्या ईएस-१५० गिटारवरचा, जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या नावाने ओळखला जाणारा लांब पात्याचा पिकअप अडीच-तीन किलोओहमच दाखवेल. तो शॉर्ट झालेला नाही. त्याची तारच जाड आहे, आणि टॉपखाली लपलेले मोठे पोलादी चुंबक त्याला तो भरदार, गोल आवाज देतात. तो आवाज एकदा कानात बसला की आकड्यांचं कौतुक उरत नाही.

मीटर रेंजबाहेर गेला तर २ मेगाओहमवर घ्या. तिथे पाचशे किलोओहमच्या आसपास आकडा आला, तर तो पिकअपचा नसून व्हॉल्यूम पॉटचा (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या बदलत्या रोधाचा) आहे. म्हणजे पॉट शाबूत, गुंडाळी किंवा तिची वायर कुठेतरी तुटलेली. शून्य आलं तर आधी केबल बदलून पाहा.

आता नाशिकची गोष्ट. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. निफाडकडे जानेवारीच्या पहाटे १० अंशांत साडेसात किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ४० अंशांना जवळजवळ ८.४ दाखवेल. पिकअपमध्ये काहीही बदललेलं नसतं. विकणाऱ्याने पाठवलेला आकडा आणि तुमचा आकडा जुळत नसेल, तर भांडणाआधी दोन्हीकडचं तापमान विचारा.

गुंडाळी खरंच तुटली असेल, तर तुटण्याची जागा बहुधा ठरलेली असते: केसासारखी तार बाहेरच्या जाड वायरला जोडली आहे तो सांधा. घाम, दमट हवा आणि सोल्डरिंगचा जुना फ्लक्स मिळून तिथे हिरवट गंज धरतो. भिंगाखाली पाहा. बाहेरचं टोक सुटलं असेल तर एक-दोन वेढे उलगडा, टोकावरचं इनॅमल १००० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घासा आणि २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने जोडा. जुनं साधं इनॅमल नुसत्या उष्णतेने जळून निघत नाही, त्यामुळे न घासता मारलेलं सोल्डर वर नुसतं बसतं, धरत नाही. आतलं टोकच तुटलं असेल तर मात्र रिवाइंडिंगला पर्याय नाही.

इथे सातपूर-अंबडच्या मोटर वाइंडिंगवाल्यांकडे जाताना एक काळजी घ्या. गिटारच्या माहितीत ‘४२ गेज’ लिहिलेलं असतं ते अमेरिकन मापाचं, म्हणजे सुमारे ०.०६३ मिमी. आपल्याकडे एसडब्ल्यूजी हे ब्रिटिश माप चालतं. त्यात ४२ नंबर म्हणजे ०.१०२ मिमी, आणि त्या तारेचे पी-९०ला लागणारे सुमारे दहा हजार वेढे बॉबिनवर मावतच नाहीत. जवळचं माप म्हणजे एसडब्ल्यूजी ४६. सगळ्यात बरं म्हणजे मिलिमीटरमध्येच मागा.

पी-९० उघडलात तर चुंबक काढण्याआधी पेन्सिलने खुणा करा. तळाच्या दोन्ही आडव्या चुंबकांचे सारखे ध्रुव मधल्या स्क्रूंकडे तोंड करून असतात, म्हणून बसवताना ते एकमेकांना ढकलतात. तेच बरोबर. एक जरी उलटा, सहज चिकटेल असा बसवला, तर आवाज क्षीण होतो आणि दोष बिचाऱ्या गुंडाळीवर येतो.

कोरीव टॉपला मात्र भोक पाडू नका. गिब्सनच्या १९२२ च्या एल-५ पासून एफ-होलच्या (इंग्रजी ‘f’च्या आकाराच्या छिद्रांच्या) कोरीव गिटारींचा सगळा जीव त्या स्प्रूसच्या फळीत आहे. १९४९ ची ईएस-१७५ प्लायच्या टॉपची, पिकअप बसवण्यासाठीच घडवलेली. तिचा न्याय कोरीव टॉपच्या गिटारींना लावता येत नाही. कोरीव गिटारला डीआर्मंडच्या रिदम चीफसारखा तरंगता, टॉपला भोक न पाडता बसणारा पिकअप शोभतो. तो पिकगार्डवर (टॉपला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पट्टीवर) टांगलेला असेल तर गार्ड तपासा. जुनं सेल्युलॉइड सडू लागलं की कडा चुरतात, तीव्र वास येतो, आणि त्याच्या आम्लधारी वाफेने पिकअपचं कव्हर, स्क्रू, तारा सगळं गंजतं. आपल्या पावसाळ्यात बंद केसमध्ये हे आणखी झपाट्याने होतं. असा गार्ड काढून वेगळ्या, हवेशीर डब्यात ठेवा. फेकू नका, नवा कापताना तोच नमुना लागतो.

शेवटी तारा. चुंबकीय पिकअपला पोलाद कळतं, ब्राँझ नाही. ब्राँझच्या तारा लावल्या की वेढ्यांच्या (गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेल्या) चार तारा दबतात आणि वरच्या दोन किंचाळतात. निकेलचा १२–५२ चा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सेट घ्या, तिसरी तार वेढ्याचीच हवी. तरीही बी तार (दुसरी) आवाजात पुढे येईल, कारण ती साध्या तारांमधली जाड. पी-९० असेल तर तिच्याखालचा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा खाली न्या. चार्ली ख्रिश्चन पिकअपच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये पात्याला नेमकी बी खाली खाच दिसते, ती याचसाठी.