तुम्ही विचारलंत म्हणून: मगावर महाराज कुठं आहेत?

पावनखिंडीचा मग हातात घेतला की गिऱ्हाईक तो एकदा फिरवून बघतं, पुन्हा फिरवतं आणि विचारतं, "महाराज कुठं आहेत हो?" दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला निघणारी पोरं हा मग घेतात, कोल्हापुरातल्या शाळा बक्षिसाला नेतात, प्रश्न सगळ्यांचा तोच. काही जण आपुलकीनं सुचवतातही, वर ढगात महाराजांचा चेहरा टाका, मग जास्त खपतील.

महाराज खिंडीत नव्हते, म्हणून चित्रात नाहीत. ते सुखरूप पुढं जावेत एवढ्यासाठीच तर ती लढाई झाली. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला चार महिन्यांहून जास्त बसला होता. राजापूरचे इंग्रज तोफ आणि दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. १२ जुलै १६६० च्या रात्री, ऐन पावसात, महाराज निवडक माणसांनिशी गड उतरले. सिद्दी मसूद पाठलागावर होता. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू बांदलांचे मावळे घेऊन थांबले आणि महाराज विशाळगडाकडं गेले. तिथंही आदिलशाहीच्या बाजूचे सुर्वे आणि दळवी वेढा घालून बसलेले, तो फोडूनच वर जायचं होतं. तोवर खिंड सोडायची नाही. आता या चित्रात महाराज दाखवले, तर बाजी कुणासाठी उभे आहेत हेच पोरांना कळायचं नाही.

"बरं, मग पालखीत कोण बसलंय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मगाच्या डाव्या अंगाला, पन्हाळ्याच्या पायथ्याशी, मशालीच्या उजेडात एक पालखी आहे. आत महाराजांच्या वेशातला माणूस. तो शिवा काशीद, नेबापूरचा न्हावी. शत्रूनं ती पालखी धरली, महाराजच सापडले असं समजून छावणीत नेली आणि खरं कळल्यावर त्याला मारलं. मधल्या वेळात महाराज पुढं निघून गेले. हे सांगितलं की बहुतेक जण मग पुन्हा हातात घेतात आणि त्या पालखीकडं नीट बघतात. मला या सगळ्या चित्रात तीच जागा सगळ्यात जवळची आहे.

बाजींच्या दोन्ही हातांत दांडपट्टे दिलेत, लोकांच्या मनात त्यांचं तेच रूप आहे म्हणून. पण पट्टा काढताना घाई करून चालत नाही. पेठेतल्या मर्दानी खेळाच्या वस्तादांनी तो माझ्या हातात चढवला तेव्हा कळलं, आतली मूठ आडवी असते आणि हात कोपराजवळपर्यंत लोखंडात जातो. मनगट वळतच नाही. सगळा फिरकावा खांद्यातून आणि कमरेतून येतो. पुष्कळ चित्रांत मात्र तलवार धरल्यासारखं मनगट मुडपलेलं दिसतं. आमच्या मगावर बाजींचा हात सरळ आहे आणि खांदा पुढं आलेला आहे. कोल्हापुरात राहून एवढं तरी बरोबर काढायलाच हवं.

छपाईबद्दलही विचारतात. चित्र खास कागदावर आरशातल्यासारखं उलटं छापायचं, कागद मगाला घट्ट गुंडाळायचा आणि यंत्रात १८० ते २०० अंश सेल्सिअसला तापवायचा. शाईची थेट वाफ होते आणि ती मगावरच्या पॉलिस्टरच्या थरात शिरते. नुसत्या चिनी मातीवर ही शाई धरत नाही, त्यामुळं हा थर दिलेलेच मग आणावे लागतात. तारेच्या काथ्यानं घासू नका, तो थरच खरवडला जातो. कागद जरा सरकला तर पावसाच्या रेघा दुहेरी उमटतात, मागचे छोटे छोटे बांदल एकमेकांत मिसळतात. असा मग मी विकत नाही. त्या बांदलांतल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत, निदान माणूस म्हणून तरी ते वेगळे दिसले पाहिजेत.

आणि मगाच्या कानापाशी चित्र तुटतं, तिथं पांढरी जागा राहते. खिंडीतली वाट मी त्या जागेपर्यंत नेऊन सोडलीय. महाराज कुठं आहेत असं विचारणाऱ्याला मी तिथं बोट ठेवून दाखवतो: विशाळगडाच्या वाटेवर.

यंदा नेबापूरच्या बाजूच्या एका शिक्षकांनी नुसत्या पालखीचा मग मागितलाय, मुलांना द्यायला. त्यावर खिंड नाही, बाजी नाहीत. खाली ठळक अक्षरांत नाव छापतोय, शिवा काशीद.