तळी मी का उचलते

चंपाषष्ठी जवळ आली की नातेवाईक आणि शेजारी मला एकच प्रश्न विचारतात: घरात जावई आहेत, हाक मारली तर भावकीतले चार पुरुष येतील, मग खंडोबाची तळी तुम्ही आणि तुमच्या मुलीच का उचलता? तळी म्हणजे विड्याची पाने, सुपाऱ्या, खोबरे आणि भंडार मांडलेले ताम्हन, ते सर्वांनी मिळून येळकोट करत देवापुढे उचलायचे. काहीजण काळजीने विचारतात, काहीजण मी कुळाचार मोडते आहे असे धरून चालतात. अकरा वर्षे मी ज्याला त्याला निराळे उत्तर दिले आणि त्यांतले एकही पुरते खरे नव्हते, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते.

सर्वांत जास्त वेळा दिलेले उत्तर असे, की आमच्या घरी पुरुष उरला नव्हता. नंतर मुली मोठ्या झाल्यावर मी समानतेचे नाव पुढे करू लागले. पहिल्यांदा तळी उचलली त्या दिवशी मात्र समानतेचा विचार माझ्या मनात आलाही नव्हता.

माझे यजमान गेले त्या वर्षी दुखवट्यामुळे आमच्याकडे घट बसले नाहीत. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सासूबाईंनी स्वतः सांगून घट बसवले, रोज माळ चढली, नंदादीप तेवत राहिला, आणि षष्ठीला धाकटे दीर आपली दोन मुले व भावकीतले दोघे घेऊन तळीला येणार असे ठरले. वांगी भाजून झाली होती, बाजरीचे रोडगे झाले होते, ताम्हनात विड्याची पाने, सुपाऱ्या, खोबरे आणि भंडार मांडला होता. दीर आले ते एकटेच. या घरात देवाचे करायला आता पुरुष नाही, तेव्हा देव आमच्याकडे नेतो, तळीही तिकडेच भरू, माणसे तिथे थांबली आहेत, असे त्यांनी सांगितले. देव्हाऱ्यासमोर बसून त्यांनी सोबत आणलेले लाल फडके उलगडले.

ते फडके मला आजही दिसते. नवे होते, घडीच्या रेषाही मोडल्या नव्हत्या. आमचा टाक म्हणजे दोन पेरांएवढा चांदीचा पत्रा. त्यावर घोड्यावर बसलेले देव, मागे म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. पिढ्यान्‌पिढ्या उजळून देवांचे नाकडोळे पुसट झाले आहेत. लग्न होऊन आल्यापासून दर रविवारी तो मी चिंचेने घासत आले होते, आणि त्या वेळी कोणी मला पुरुष आणायला सांगितले नव्हते.

“भाऊजी, देव इथेच राहतील,” एवढेच मी म्हणाले.

“मग तळी कोण उचलणार, वहिनी?”

मी मुलींना हाक मारली. थोरली चौदा वर्षांची होती, धाकटी दहा. तळीला हात विषम लागतात, आम्ही तिघी होतो. मी डोक्यावर पदर घेतला. थोरलीने, मी न सांगता, खुंटीवरची वडिलांची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली. ताम्हन उचलताना धाकटीच्या बाजूला कलले, भंडार फरशीवर सांडला आणि एक सुपारी घरंगळत देव्हाऱ्याखाली गेली. ‘सदानंदाचा येळकोट’ माझ्या तोंडून निघेना. जेजुरीच्या गर्दीत ती आरोळी मी कितीदा दिली होती, घरात कधीच नाही. शेवटी थोरलीने ती कापऱ्या आवाजात दिली. दिरांनी फडक्याची घडी घातली आणि ते प्रसाद न घेता निघून गेले. चातुर्मासभर सासूबाईंनी कांदा-वांगे तोंडात घातले नव्हते, तो नेम षष्ठीच्या भरिताने सुटायचा होता. त्या रात्री भरिताचे ताट त्यांनी हात न लावता बाजूला सरकवले.

देवावरच्या श्रद्धेने मी तळी उचलली असे मी अनेकांना सांगितले, पण त्या घटकेला माझ्या हातांत राग होता. रागाने उचललेली तळी देवाला पोचते का, हा प्रश्न मला तुमच्याआधी पडलेला आहे.

तरीही ‘परंपरा’ हा शब्द माझ्यापुढे टाकला जातो तेव्हा मला गप्प बसवत नाही. याच देवाला परंपरेने मुली वाहिल्या जात, त्यांना मुरळी म्हणत. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि ती चाल सुटली म्हणून देव कोणावर कोपला नाही. रात्रभर जागरणात देवापुढे घोळ नावाची घंटा वाजवत नाचायला बाई चालत होती, मग ताम्हनाला तिचा हात का चालू नये? भंडार म्हणजे हळदच. यजमान गेल्यावर हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली, पण जेजुरीच्या गडावर उधळलेला भंडार माझ्या कपाळावर पडायचा थांबला नाही. अहिल्याबाई होळकरांचेही उदाहरण मी देत असे. खंडोबा त्यांच्या सासरचे कुलदैवत, पतीचे नावही खंडेराव. ते १७५४ साली कुंभेरीला पडले आणि पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत या विधवा बाईने राज्य चालवले. आता ते उदाहरण मी देत नाही, कारण त्यांच्यापाशी सत्ता होती आणि माझ्यापाशी एक ताम्हन व दोन लहान मुली होत्या.

सासूबाई त्यानंतर चार वर्षे होत्या. प्रत्येक चंपाषष्ठीला तळीच्या वेळी त्या आतल्या खोलीत जाऊन बसत, आणि तळी झाली की बाहेर येऊन धाकटीकडून कपाळाला भंडार लावून घेत. ती त्यांची संमती होती की केवळ देवाचा मान, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. विचारले असते तर कदाचित मला ताम्हन खाली ठेवावे लागले असते, ही भीती मी आज कबूल करते.

जावयांना मी अडवलेले नाही. ते दिवटी धरून शेजारी उभे राहतात. दिरांनाही दरवर्षी निरोप जातो. या वर्षी तो मी स्वतः दिला आहे: तळीला या, ताम्हनाला हात लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा, देव मात्र इथेच राहतील.