कावीळ झालेला देह हिरवा का पडतो

मृतदेहांची निगा आणि जतन शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला, तेव्हा वेळापत्रकात विकृतिशास्त्र, म्हणजे रोगांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांचा अभ्यास, कशासाठी आहे हे मला समजले नव्हते. शरीररचनाशास्त्र हवे, रसायनशास्त्र हवे, सूक्ष्मजीवशास्त्रही एक वेळ पटण्यासारखे होते. पण रोगाचे निदान हे डॉक्टरांचे काम, आणि आपल्यापर्यंत पोहोचलेल्या माणसाचा रोग त्याच्याबरोबरच संपलेला असतो, असा माझा समज होता. पहिल्या चाचणीत दाहाची चार लक्षणे विचारली होती. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही केल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकात नोंदवलेली लक्षणे मी एका दमात लिहून टाकली. पुढच्या प्रश्नात यांपैकी मृतदेहावर कोणती आढळतील असे विचारले होते, आणि मी पुन्हा चारही लिहिली. उत्तरपत्रिका परत आली तेव्हा समासात लाल शाईने एवढेच लिहिले होते: ‘वेदना कोणाला होणार?’

त्या शेऱ्याचा तेव्हा राग आला, पण या विषयाकडे पाहण्याची दिशा त्यानेच बदलली. उष्णता काही तासांत ओसरते. लाली फसवी असते, कारण रक्ताभिसरण थांबल्यावर रक्त गुरुत्वाकर्षणाने खालच्या भागांत उतरते आणि तेथे जांभळट डाग पडतात; साधारण आठ ते बारा तासांत ते कायम होतात आणि नवख्या डोळ्याला ते माराचे वणही वाटू शकतात. मागे उरते ती मुख्यतः सूज. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ मोर्गान्यी यांनी १७६१ साली सुमारे ७०० शवविच्छेदनांच्या आधारे रोगाचे स्थान अवयवांत दाखवले आणि जर्मन विकृतिशास्त्रज्ञ व्हिर्चो यांनी १८५८ मध्ये ते पेशीपर्यंत नेले. दोघेही मृतदेहाकडून मागे, जिवंतपणीच्या आजाराकडे जात होते. आमच्या व्यवसायाचा प्रश्न मात्र पुढच्या दिशेचा आहे. या रोगाने शरीरात काय मागे ठेवले आहे, आणि देह टिकवण्यासाठी मी जे द्रावण आता धमनीतून सोडणार आहे त्याचे ते काय करील, एवढेच मला जाणून घ्यायचे असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कावीळ. यकृत निकामी झाल्याने किंवा पित्तमार्ग अडल्याने बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य त्वचेत आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात साठते, हे सर्वांना ठाऊक असते. एम्बामिंगसाठी, म्हणजे रसायनांनी देह टिकवण्यासाठी, नेहमीचे तीव्र फॉर्मॅल्डिहाइडयुक्त द्रावण अशा देहात सोडले, तर या पिवळ्या बिलिरुबिनाचे हिरव्या बिलिव्हर्डिनात रूपांतर होते आणि चेहरा हिरवट पडतो. आपल्याला मुका मार लागतो तेव्हा नेमके याच्या उलट घडते: जखमेतील हिमोग्लोबिनापासून आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग त्यापासून पिवळे बिलिरुबिन तयार होते, म्हणूनच वण हिरवा होऊन नंतर पिवळा पडतो. शरीर जिवंतपणी जी वाट चालते, तीच वाट रसायन मृत्यूनंतर उलटी चालवते, हे वाचले त्या रात्री मी पहिल्यांदाच या विषयाचे पुस्तक परीक्षेशिवाय उघडे ठेवले. उपाय ठाऊक असले की गोष्ट हाताबाहेर जात नाही. फॉर्मॅल्डिहाइडचे प्रमाण कमी असलेले, खास काविळीसाठी बनवलेले द्रावण वापरावे, त्याआधी रक्तवाहिन्या सौम्य द्रावणाने धुऊन साठलेले रक्त शक्य तितके बाहेर काढावे, आणि उरलेला पिवळेपणा द्रावणातील रंगाने व नंतर प्रसाधनाने झाकावा.

खरी पंचाईत मूत्रपिंडांच्या रुग्णांत होते. मूत्रपिंडे निकामी झाली की युरियासारखे नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ ऊतकांत साठतात, त्यांच्या विघटनातून अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया फॉर्मॅल्डिहाइडशी संयोग पावून हेक्झामीन नावाचे संयुग बनवतो. फॉर्मॅल्डिहाइडचे सहा रेणू आणि अमोनियाचे चार रेणू असा तो हिशेब आहे. (हेच हेक्झामीन मूत्रमार्गाच्या संसर्गावर औषध म्हणून दिले जाते, हा योगायोग मला अजूनही गमतीचा वाटतो.) याचा परिणाम असा, की जे रसायन प्रथिनांना घट्ट करून ऊतक टिकवणार होते, ते वाटेतच खर्च होते आणि देह वरून ठीक दिसत असूनही आतून मऊच राहतो. शिवाय अशा शरीरात पाणी साठलेले असल्याने द्रावण आणखी पातळ होते. म्हणून येथे द्रावण अधिक तीव्र आणि अधिक प्रमाणात लागते. आता एकाच व्यक्तीचे यकृत आणि मूत्रपिंडे दोन्ही निकामी झालेली असतील, आणि गंभीर यकृतरोगाच्या शेवटी असे पुष्कळदा घडते, तर काविळीला सौम्य द्रावण हवे आणि युरियाला तीव्र. पाठ केलेले नियम येथे एकमेकांना छेद देतात. आम्हाला शिकवलेला आणि मला पटलेला क्रम असा, की आधी जतन, मग रंग. हिरवटपणा प्रसाधनाने झाकता येतो, पण सुरू झालेली कुजण्याची क्रिया झाकता येत नाही.

मधुमेह आणि धमनीकाठिण्य यांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर दोन्हींत टोकाच्या रक्तवाहिन्या अरुंद किंवा बंद झालेल्या असतात, त्यामुळे मानेच्या धमनीतून सोडलेले द्रावण पायाच्या बोटांपर्यंत पोहोचेलच असे नाही आणि तेथे स्वतंत्र इंजेक्शन द्यावे लागते. गँगरीन (ऊतक मरून सडणे) कोरडे आहे की ओले, हा भेदही पुस्तकी नाही. कोरड्यात ऊतक सुकून काळवंडलेले असते, तर ओल्यात जिवाणू सक्रिय असतात. आणि त्या जिवाणूंत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स असेल, तर त्वचेखाली वायू साठून बोट दाबताच कागद चुरगळल्यासारखी करकर जाणवते. हा वायू काही तासांत चेहरा ओळखू येणार नाही इतका फुगवू शकतो, आणि जिवाणूचे बीजाणू हत्यारांवरून पुढच्या देहावरही जाऊ शकतात.

संसर्गाच्या प्रकरणाविषयी वर्गात एक आक्षेप नेहमी निघतो: प्रत्येक देह संसर्गजन्य आहे असे धरूनच काम करायचे असेल, तर रोगांचा वेगळा अभ्यास कशाला? आक्षेप बिनबुडाचा नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नात शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन न्यायवैद्यकाचे प्राध्यापक कोलेच्का मरण पावले, आणि त्यांच्या शरीरातील बदल बाळंतज्वराने मेलेल्या स्त्रियांसारखेच आहेत हे त्यांचे मित्र, प्रसूतितज्ज्ञ सेमेलवाइस यांच्या लक्षात आले. हात धुण्याचा त्यांचा आग्रह तेथून दृढ झाला. हातमोजे, मुखपट्टी, गॉगल आणि हिपॅटायटिस बी ची लस हे सर्वांसाठी सारखेच हवे, कारण तो विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. परंतु सर्वसाधारण खबरदारी सर्वत्र पुरत नाही. क्षयरोगात फुप्फुसांतील हवा दाबली जाऊन किंवा स्त्राव बाहेर पडून जंतू हवेत मिसळतात, म्हणून तेथे चांगले वायुवीजन आणि हवा गाळणारा योग्य मुखवटा लागतो. मृतदेहाकडून एम्बामिंग करणाऱ्याला क्षयरोग झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. क्रॉइट्सफेल्ट-याकोब या मेंदूच्या रोगात तर आमचे मुख्य हत्यारच निकामी ठरते. तो प्रिऑन नावाच्या, घडी चुकलेल्या प्रथिनामुळे होतो, आणि फॉर्मॅल्डिहाइड प्रथिनांना घट्ट करत असल्याने प्रिऑनचा नाश करण्याऐवजी ते त्याला अधिकच चिवट बनवते. तेथे तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड किंवा उच्च तापमानाची वाफ हवी, आणि मेंदू किंवा मज्जारज्जू उघडला जाणार नाही हे पाहणे त्याहून महत्त्वाचे.

म्हणून मृत्यूच्या कारणाचा दाखला हाती आला की मी तो खालून वर वाचते. सर्वांत वरच्या ओळीत तात्कालिक कारण असते आणि खाली उतरत जाऊन शेवटी ज्या रोगाने ही साखळी सुरू केली तो मूळ रोग. ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिलेला दाखला मला काहीच सांगत नाही, कारण ते प्रत्येकाचेच होते. ‘यकृताचा सिऱ्होसिस’ (यकृत कठीण व व्रणयुक्त होऊन निकामी होणे) हे दोन शब्द मात्र जलोदर (पोटात पाणी साठणे), कावीळ आणि सहज होणारा रक्तस्राव या तिन्ही गोष्टींची पूर्वसूचना देतात. दाखला अपुरा असेल तर देहच वाचावा लागतो: पापणी उचलावी, घोटा दाबून खळगा पडतो का पाहावे, पोटावरून हात फिरवावा.

प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या सत्रात आमच्यासमोर आलेल्या देहाच्या कागदांवर केवळ जंतुसंसर्ग लिहिला होता. मी सवयीने डावी पापणी उचलली आणि आतला भाग फिकट पिवळा दिसला. टेबलावर मापून ठेवलेले तीव्र द्रावण बाजूला सारले गेले आणि चर्चा घोट्यांवरील सुजेवर आली, कारण मूत्रपिंडांचे काय झाले होते हे अजून कोणीच विचारले नव्हते.